एचपीव्ही लस : मुलीला द्यायची की नाही? आई-वडिलांनी सही करण्याआधी हे वाचा

बोदवड : पोरगी पाचवी-सहावीत गेली की आशाताई किंवा दवाखान्यातली सिस्टर एचपीव्ही लसीचा विषय काढते. मग घरात चर्चा सुरू होते. आईला वाटतं द्यावी. वडील म्हणतात, आधी शेजारच्यांनी दिली का ते बघू. आजी म्हणते, पोरीचं अजून लग्न व्हायचंय, आतापासून असली लस कशाला? तेवढ्यात मोबाईलवर 'या लसीने मूल होत नाही' असा मेसेज येतो आणि निर्णय पुढच्या वर्षावर जातो. या लसीत मात्र वय महत्त्वाचं आहे, म्हणून माहिती घेऊन वेळेत ठरवलेलं बरं.

लस कशासाठी आहे?

एचपीव्ही हा विषाणू आहे. त्याचे अनेक प्रकार आहेत. बहुतेक वेळा तो अंगातून आपोआप निघून जातो. काही बायांमध्ये मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. या कॅन्सरच्या साधारण 70 टक्के केसेस प्रकार 16 आणि 18 मुळे होतात. लस या दोन्ही प्रकारांपासून संरक्षण देते. भारतात 2022 मध्ये सुमारे 1 लाख 27 हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास 80 हजार दगावल्या, असा जागतिक संस्थांचा अंदाज आहे.

लग्नाआधीच कशाला?

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तो अंगात शिरल्यावर लस त्याला बाहेर काढत नाही. कपाशीवर रोग आल्यावर बीजप्रक्रिया करून उपयोग नसतो, तसंच हे आहे. शिवाय 9 ते 14 या वयात लसीचा परिणाम सर्वात चांगला होतो. लहान वयात लस दिली म्हणजे पोरगी बिघडेल, असं काही नसतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम खिळ्यावर पाय देत नाही.

मूल होत नाही, हे खरं का?

नाही. लसीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या वरच्या कवचासारखी प्रथिनं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस सुरक्षा समितीने 2017 मध्ये आढावा घेतला. तोवर जगभरात 27 कोटींहून जास्त डोस वाटले गेले होते. लसीचा वंध्यत्वाशी संबंध असल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. दंड दुखणं, थोडा ताप, डोकेदुखी हे त्रास होतात. काही मुलींना इंजेक्शनच्या भीतीनेच चक्कर येते. म्हणून मुलीला जेवून न्यावं आणि लस दिल्यावर किमान 15 मिनिटं बसवून ठेवावं.

मग भीती आली कुठून?

2009 मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातमधील वडोदरा येथे या लसीचा प्रकल्प राबवला गेला. त्या काळात सात मुलींच्या मृत्यूची नोंद झाली आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारने काम थांबवलं. चौकशीत सर्पदंश, बुडणं, विषबाधा अशी कारणं पुढे आली. मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. पण दुसरी चूक उघड झाली. अनेक फॉर्मवर आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने 2013 मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे पालकांनी प्रश्न विचारणं चुकीचं नाही, तो त्यांचा हक्क आहे.

याच बंदीचा फटका आपल्या महाराष्ट्रातल्या एका अभ्यासालाही बसला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि पुणे यांसह देशात अनेक ठिकाणी मुलींना दोन की तीन डोस द्यावेत, याचा अभ्यास सुरू होता. तो मध्येच थांबल्याने जवळपास 5 हजार मुलींना एकच डोस मिळाला. डॉक्टरांनी त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं. 2021 मध्ये निकाल आला : दहा वर्षांनंतरही एका डोसने 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे 95 टक्के संरक्षण दिलं होतं. इंग्लंडमध्ये 12-13 व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर 87 टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं.

किती डोस, किती खर्च?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022 मध्ये 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी एक किंवा दोन डोस पुरेसे सांगितले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही देशी लस 2023 मध्ये बाजारात आली, तेव्हा एका डोसची किंमत साधारण 2 हजार रुपये होती. तिचे 9 ते 14 वयात दोन डोस, तर 15 नंतर तीन डोस सांगितलेले आहेत. म्हणजे उशीर केला तर खर्चही वाढतो. दोन हजार म्हणजे मजुरीवर जगणाऱ्या घराला मोठी रक्कम. म्हणून खासगीत जाण्याआधी मोफत लस कोणत्या वयाला, कधी आणि कुठे मिळते, हे आशाताईंना किंवा बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात विचारावं.

सही करण्याआधी काय विचारावं?

- लस कोणती आणि किती डोसची?
- पुढचा डोस कधी? त्याचं कार्ड मिळेल का?
- त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?
- आधी कुठल्या लसीची जोरदार ॲलर्जी आली असेल, तर ते सांगावं. अंगात जास्त ताप असेल तर लस पुढे ढकलतात. गरोदरपणात ही लस देत नाहीत.

फॉर्म वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा आणि समजल्यावरच सही किंवा अंगठा द्यावा. मुलीलाही लस कशासाठी आहे ते सांगावं, म्हणजे ती घाबरत नाही.

आईची तपासणी विसरू नका

लस सगळ्याच प्रकारांपासून वाचवत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी तपासणी करायची असते. घरातल्या ज्या बायांचं वय 30 च्या पुढे आहे, त्यांनी सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. ती साधी असते, काही मिनिटांत होते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं पाणी जाणं, यातलं काही असेल तर लाजून घरी बसू नये. मुलीला लसीला नेलं त्याच दिवशी आईने आपल्या तपासणीची तारीख विचारली, तर एका फेरीत दोघींचं काम होतं.