पावसाळ्यात व्हिडिओ गेमची मशीन शेडमध्ये कशी ठेवावी?

नाणे टाकून खेळायच्या जुन्या मशीनला पावसाच्या थेंबांइतकाच दमट हवेचाही धोका असतो. वाशिम जिल्ह्यात जून ते सप्टेंबर पावसाळा असतो. रात्री टिनाचे शेड थंड झाले की हवेतील बाष्प धातूवर पाणी होऊन साचते. त्याने सर्किट बोर्डाचे जोड गंजतात आणि प्लायवूड फुगते.

काय करावे?

• मशीन विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे.
• प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नये, ओल आत कोंडते. सुती चादर टाकावी.
• आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.
• उंदीर वायर कुरतडतात, म्हणून भोकांना जाळी लावावी.
• बोर्डावरील जुनी बॅटरी गळू शकते. पण कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाची बॅटरी काढल्यास गेमच बंद पडतो, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सर्वात महत्त्वाचे : प्लग काढल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. मागचे झाकण स्वतः उघडू नये.

पावसाळा संपल्यावर मशीन एक-दोन दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवून मगच सुरू करावे.