घोडा, वैरण आणि वैशाखातले ऊन

इतिहासात लढायांची नावे आपण पाठ केली. परंतु ज्यांच्या पाठीवर बसून स्वार तेथवर गेले, त्या घोड्यांची निगा कशी राखीत, हे फारसे कोणी सांगत नाही. घरची चूल पेटल्यावाचून कोणी कामाला बाहेर पडत नाही, हे आपण भगिनी जाणतोच. म्हणून हा विषय मला आपलासा वाटला.

आपल्या सिहोऱ्याकडे वैशाखात भर दुपारी बैलही सावली सोडीत नाही. अशा उन्हात लांबची मजल मारणाऱ्या घोड्याच्या अंगातून तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत घाम जातो, आणि त्याच्या घामात माणसाच्या घामाहून मीठ अधिक असते. म्हणून त्याला वरचेवर पाणी व चंदीबरोबर मीठ द्यावे लागते. थंडीत कसलेला घोडाही उन्हाला एका दिवसात सरावत नाही. दोन-तीन आठवडे रोज थोडे थोडे, प्रथम कदम, मग दुडकी, असे चालवावे, तेव्हा त्याचे अंग उन्हाला रुळते. घाई केली तर धडधाकट जनावरही कोसळते.

आपल्या पूर्वजांनी ही तयारी वर्षाच्या चक्रातच बसविली होती. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई; तेथे दाणा, वैरण, औषधे आधीच साठविलेली असत. दसऱ्याला लष्कर बाहेर पडे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि खूर, या दोन्हींची काळजी नेमून दिलेली! चार महिने पोसलेला घोडा थंडीत मजला मारून कसला जाई आणि ऊन चढे तसतसा उन्हाला सरावे. माझ्या मते मराठ्यांच्या वेगाचे मर्म येथेच आहे. बाजीरावांनी १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला निजामाला कोंडले व १७३७ च्या मार्चअखेर थेट दिल्ली गाठली, ती अशा काटक घोड्यांच्या बळावर.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. चिपळूणनजीकच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वैरण आताच बेहिशेबी उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल, अशी ताकीद त्यात आहे. मग लोक कुणब्याकडचे दाणे, गवत, भाजीपाला ओढून आणतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, हेही महाराज बजावतात. जळत्या दिव्याची वात उंदराने नेऊन गवताला आग लागू नये, इथवर त्यांचे लक्ष होते. कोठीघर सांभाळणाऱ्या गृहिणीचीच ही नजर नव्हे काय?

ही नजर सुटली की काय होते, तेही आपल्या नागपूरकरांच्या इतिहासात आहे. रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर १७४२ च्या एप्रिलात, ऐन उन्हात, बंगालमध्ये वर्धमानला पोहोचले. घोडे खंबीर होते, पण गावोगाव लूट झाली. ‘बारगीर’ शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला आणि बंगाली आया अंगाईत बाळाला त्याचीच भीती घालू लागल्या.

घोडा तोच, ऊनही तेच. फरक होता तो वैरण कोणाच्या अंगणातून आली, याचा. भगिनींनो, पराक्रमाच्या कथा मुलांना अवश्य सांगाव्या. त्याबरोबर हेही सांगावे.