पाटे, कमान आणि शॉकअप

गाडीचं सस्पेन्शन आपल्या वापराप्रमाणे लावून घेणं हा हौशी श्रीमंतांचा अलीकडचा नाद आहे, असं समजणारी मंडळी मला रोज भेटतात. आमच्या घरात हे काम तीन पिढ्या चाललं आहे आणि त्याआधीही ते दुसऱ्या कुणाच्या तरी भट्टीवर चालत होतं. त्याचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मला ठाऊक आहे तेवढा लिहितो.

घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांच्या साइड-बाय-साइड गाड्या आमच्या कराडच्या गॅरेजात येतात. पाइपांचा पिंजरा, शेजारीशेजारी दोन सीटं आणि चारी चाकांवर लांबलचक शॉकअप. शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात, त्यावर एक चकती. सी-पान्याने ती खाली फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी उंच उभी राहते. शॉकअपवर फिरकीची बटणंही असतात. प्रत्येक टप्प्याला टिक असा आवाज होतो. शॉकअप दबताना आणि उघडताना आतल्या तेलाला किती अडवायचं, ते त्यावर ठरतं. मालक विचारतो, "किती क्लिक ठेवू?" मी त्याला आधी विचारतो, गाडीत रोज किती माणसं बसतात आणि मागे काय लादता? हा प्रश्न माझ्या आजोबांचा आहे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आबांचं मूळ काम लोहारकीचं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायची: धाव लालबुंद तापवायची, चाकावर बसवायची, पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून बसते. त्या गाडीला स्प्रिंग नव्हतीच. दगडावर चाक चढलं की हिसका आखातून साट्यात आणि साट्यातून माणसाच्या मणक्यात. बैलाच्या चालीला ते निभून जात होतं. घोड्याच्या चालीला निभत नव्हतं.

युरोपात बग्ग्यांची बैठक आधी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत असत. १८०४ साली लंडनच्या ओबदाया इलियटने पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि बग्गी थेट स्प्रिंगवर बसली. इंग्रजांबरोबर ती स्प्रिंग आपल्याकडे आली आणि टांग्याखाली गेली. रेल्वेने वाठार स्टेशनला उतरायचं आणि टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पाचगणी करत महाबळेश्वर गाठायचं, असा साहेबांचा उन्हाळी रिवाज होता. त्या टांग्यांचे पाटे तुटत असणार आणि ते सांधणारे हात इथलेच असणार. आमच्या भागातल्या पाटेवाल्यांची पहिली पिढी मला तिथे दिसते. कागद नाही, पण दुसरं कोण करणार ते काम?

एकावर एक रचलेल्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एक गुण आपोआप असतो. कमान वाकते तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात उसळी मरते. म्हणून टांग्याला शॉकअप लागला नाही. मोटारीचा वेग वाढल्यावर तेवढ्या घर्षणाने भागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ट्रुफोने आणि अमेरिकेच्या हार्टफर्डने चकत्या एकमेकींवर घासून उसळी जिरवणारं यंत्र काढलं. ते एका नटाने आवळून कमीजास्त करता येत होतं. आज बटण फिरवून जे करतो, त्याचा हा पूर्वज. पुढे फ्रान्सच्याच हुदायने तेल वापरलं आणि मग नळीतल्या दट्ट्याचा आजचा शॉकअप रुळला.

आमच्याकडे हे सगळं जीपमधून आलं. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप म्हणजे पुढे ८ आणि मागे ९ पाटे, जोडीला चार शॉकअप. पुढच्या डाव्या अंगाला आणखी एक वेगळा पाटा होता. ब्रेक मारल्यावर आस पिळवटून स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जाई, त्यावरचा तो इलाज. सस्पेन्शन डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं लावायचं शहाणपण लष्कराच्या गाडीतही होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं. महिंद्र कंपनी १९४७ साली या जीपच्या धंद्यात उतरली. अमेरिकेतल्या टोलेडोहून सुटे भाग यायचे आणि मुंबईत माझगावला गाडी जोडली जायची. पन्नासच्या दशकात कोयना धरणाचं काम सुरू झालं आणि कराड-पाटण रस्त्यावर ट्रक नि जीपगाड्यांची रीघ लागली. आबांनी धाव चढवायचं सोडलं आणि पाटे धरले.

त्यांचं काम जवळून पाहण्यासारखं होतं. पाटे सुटे करून ते जमिनीवर उतरत्या लांबीने मांडत. सर्वांत लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना बुश बसायला वळवलेले डोळे. मग मेन पाट्याखाली दुसरा पाटा नुसता टेकवून धरायचे. धाकट्या पाट्याची कमान थोरल्यापेक्षा जास्त ठेवलेली असते, त्यामुळे दोघांची टोकं टेकतात आणि मध्ये बारीक फट राहते. या फटीला निप म्हणतात. सेंटर बोल्ट आवळला की फट मिटते आणि पाटे एकमेकांना ताणून धरतात. फट कमी पडली तर पाटे खडखडतात आणि सगळा भार मेन पाट्यावर जातो. जास्त झाली तर धाकटा पाटा आधी मोडतो. आबा ती फट उजेडाकडे धरून बघायचे, अंगठ्याचं नख घालून बघायचे, आणि पाटा परत ऐरणीवर घ्यायचे. तापवून कमान दिली तर पुढे तेलात बुडवणं आणि पुन्हा मंद तापवून कडकपणा उतरवणं आलं. तो उतरवला नाही तर पाटा काचेसारखा तुटतो.

दुसरी गोष्ट त्यांना आकडेमोड न करता ठाऊक होती. पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट कडक होतो. तेवढ्याच जाडीचे दोन पाटे ठेवले तर कडकपणा दुप्पटच होतो. म्हणून गाडी बसली की जाड पाटा घालून मोकळं होणाऱ्या कारागिराला ते मानत नसत. त्याच भारासाठी पातळ पाटे वाढवले तर कमान लवचीक राहते.

याची खरी कसोटी वडापवाल्यांनी घेतली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आमच्या खोऱ्यांतून, जिथे एसटी दिवसातून एक-दोनदाच जायची, तिथे जीप आणि ट्रॅक्स धावू लागल्या. बाजाराच्या दिवशी आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर पोती आणि कोंबड्यांच्या पाट्या. ड्रायव्हर यायचा, "आबा, अजून एक पाटा वाढवा की." आबा विचारायचे, "येताना किती मान्सं आन् जाताना किती, ते सांग आधी." कारण बाजारातून परतताना भरलेली गाडी पहाटे स्टँडवर येताना रिकामी असायची. भाराच्या हिशेबाने सगळे पाटे वाढवले तर रिकामी गाडी खड्ड्यात उधळते, चाक जमीन सोडतं, आणि उसळीच्या झटक्यात मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो. त्यावर उपाय हेल्पर पाटा: सर्वांत खाली एक जाड, जवळजवळ सपाट पाटा, वरच्या पाट्यांपासून थोडं अंतर राखून. रिकाम्या गाडीत तो कामाला लागतच नाही. गाडी भरली, कमान खाली आली, की तो टेकतो आणि भार झेलतो. अंतर किती ठेवायचं, ते त्या ड्रायव्हरच्या उत्तरावर ठरायचं. एकाच मॉडेलच्या दोन जीपना दोन वेगळी अंतरं मिळायची. मला याहून चांगलं सस्पेन्शन सेटिंगचं उदाहरण देता येणार नाही.

तुटका पाटा आमच्या भागात कधीच वाया गेला नाही. त्याचा कोयता होतो, विळा होतो, कुऱ्हाड होते. पाट्याचा कोयता म्हटलं की ऊसतोडणीवाला पारखून घेतो, कारण त्याची धार टिकते.

शॉकअपकडे त्या काळी पाटेवाले फारसं लक्ष देत नसत. गळला तर काढून टाकायचा आणि तशीच गाडी चालवायची, अशी रीतच होती, आणि ती वाईट रीत होती. स्प्रिंग भार तोलते, शॉकअप उसळी जिरवतो. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. १९६१ साली गॅब्रिएल इंडिया सुरू झाली, मुलुंडला तिचा कारखाना उभा राहिला आणि इथे बनलेला शॉकअप मिळू लागला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाट्याच्या कामाबरोबर शॉकअप तपासायची सवय लावली. तिकडे फ्रान्समध्ये द कार्बोन यांनी पन्नासच्या दशकात तेल आणि दाबाखालचा वायू एका तरंगत्या दट्ट्याने वेगळे ठेवणारा शॉकअप बाजारात आणला होता. तेलात फेस होऊन शॉकअप ढिला पडण्याचा रोग त्याने आटोक्यात आला. जर्मनीच्या बिल्स्टाइनने तो कारमध्ये रुजवला. लांब, खडबडीत वाटेवर जोरात पळणाऱ्या गाड्यांचे आजचे शॉकअप या घराण्यातले.

साइड-बाय-साइड ही अमेरिकेतली गाडी. आधी शेतावर नि शिकारीला सामान वाहणारी, मग २००४च्या मॉडेलची यामाहा ऱ्हायनो आणि २००८च्या मॉडेलची पोलारिस आरझेडआर आल्यावर वाळवंटात पळवायची. तिच्या वरच्या मॉडेलांत एका शॉकअपवर दोन स्प्रिंगा असतात, वर छोटी आणि खाली मोठी. दोन्ही मिळून दबतात तोवर गाडी मऊ चालते. मधली सरकती कडी वरच्या एका रिंगवर टेकली की छोटी स्प्रिंग गप्प होते आणि मोठी एकटी भार घेते. गाडी कडक होते. रिंग कुठे ठेवायची, ते भारावर आणि वाटेवर ठरतं. पहिल्यांदा ती उघडून पाहिली तेव्हा मी अण्णांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हेल्पर हाय की रं हा." अगदी खरं आहे. कोण कोणाकडून शिकलं, असा प्रश्न इथे नाही. भाराचा प्रश्न सगळीकडे सारखा असतो, म्हणून उत्तरंही जवळपास येतात.

या गाड्या लावायचा क्रम मी आबांचाच ठेवला आहे. आधी रोजची माणसं नि सामान बसवून गाडी सपाटीवर थोडी पुढेमागे ढकलायची आणि मग जमिनीपासूनची उंची मोजायची. चकतीने उंची जुळवायची. स्प्रिंगचा मूळ कडकपणा चकतीने बदलत नाही, हे मालकाला समजावून सांगायचं. मग रिंग. बटणं सर्वांत शेवटी, आणि एका वेळी एकच. उघडण्याचं बटण फार आवळलं तर एका खड्ड्यातून चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि गाडी खाली खाली बसत जाते. मालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे. स्प्रिंग ठीक असते.

२०१८ साली महिंद्रने अमेरिकेत मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची गाडी आणली आणि ती साइड-बाय-साइड म्हणूनच विकली. इंजिन भारतातून जायचं. चारी बाजूंना पाटे. टोलेडोची जीप माझगावात आली, आमच्या घाटांत मुरली आणि सत्तर वर्षांनी पाट्यांसकट परत गेली. जीपसारखी दिसते म्हणून तिथे खटला झाला आणि २०२०मध्ये तिचं तोंड बदलावं लागलं; पाटे तसेच राहिले. त्याच वर्षी इथे आलेल्या नव्या थारने मात्र मागचे पाटे सोडून कॉइल स्प्रिंगा घेतल्या. गाडी आरामशीर झाली, यात वाद नाही.

आमच्या रस्त्यावरचे पाटेवाले कमी झाले आहेत. मोठ्या ट्रकांनाही आता कमी पाट्यांच्या, मध्ये जाड नि टोकाला निमुळत्या स्प्रिंगा येतात, आणि पाटा तुटला की तयार पाटा आणून बसवतात. प्रत्येक पाटेवाल्याकडे मात्र भिंतीवर वाकवलेल्या सळ्या टांगलेल्या असायच्या. तो फर्मा. एकेका गाडीच्या एकेका पाट्याची कमान त्यावर जुळवून बघायची. आबांच्या फर्म्यांवर ऑइलपेंटने गाडीचं नाव आणि मार्गही आहे, कारण ढेबेवाडीची जीप आणि कुंभार्ली घाटातली जीप त्यांच्या लेखी वेगळ्या होत्या. ही मापं कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाहीत. दुकान बंद होतं तेव्हा या सळ्या भंगारात पहिल्या जातात. तुमच्या गावात असं दुकान असेल तर एकदा जा, फर्मे कागदावर उतरवून घ्या, कोणता कोणत्या गाडीचा आणि कोणत्या वाटेचा ते म्हाताऱ्या कारागिराला विचारून शेजारी लिहा. तो आहे तोवरच हे विचारता येईल.