गाठ सोडू नका, दोर कापा

सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. गाईचं दावं सुरगाठीनं बांधतो, कारण ओढलं की सुटायला हवं. पोत्याचं तोंड बांधायला निरगाठ. शिवाय प्रत्येकीच्या हाताचं वळण वेगळं. वैरणीचा भारा बघून तो सासूनं बांधला की जावेनं, हे आपण ओळखतो. अशाच ओळखीचा पुणे पोलिसांना एका मोठ्या तपासात उपयोग झाला होता.

गोष्ट 1976 सालची. 31 ऑक्टोबरला पुण्याच्या विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातल्या तिघांचा खून झाला. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या बंगल्यात पाच जणांना मारलं. त्यांत त्यांच्या घरी काम करणारी साठीची बाईही होती. नायलॉनच्या दोरीनं गळे आवळले होते. कुत्र्यांना माग लागू नये म्हणून मारेकऱ्यांनी घरात अत्तर शिंपडलं होतं. संध्याकाळ झाली की पुण्याचे रस्ते ओस पडत. महिने गेले, पण मारेकरी सापडेनात.

मग 24 मार्च 1977 ला येरवड्याजवळ मुळा-मुठेत अनिल गोखले या तरुणाचं प्रेत वर आलं. हीच नदी पुढे रांजणगाव सांडसला आपल्या भीमेला मिळते. प्रेत लोखंडी शिडीला नायलॉनच्या दोरीनं बांधलं होतं आणि बुडावं म्हणून दगडांचं वजन लावलं होतं. आधीच्या खुनांतली दोरी, बांधायची तऱ्हा आणि ही तऱ्हा एकच आहे, हे सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाच्या लक्षात आलं. वेगवेगळे वाटणारे गुन्हे एकाच टोळीचे निघाले. ही टोळी टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची होती. त्यांनी जानेवारी 1976 मध्येच प्रकाश हेगडे या सोबत्याला मारून पिंपात घालून तळ्यात बुडवलं होतं. असे एकूण दहा बळी गेले होते.

पण नुसत्या दोरीवर कुणाला शिक्षा झाली नाही. एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला, तळ्यातलं पिंप सापडलं, इतर पुरावा जुळला. 28 सप्टेंबर 1978 ला चौघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि 27 नोव्हेंबर 1983 ला येरवडा तुरुंगात ती अमलात आली. गाठ माणसाचं नाव सांगत नाही, कारण तशी गाठ मारणारे अनेक असतात. ती फक्त वाट दाखवते. पण गाठ जागेवर राहिली, तरच.

म्हणून तपासाचा नियम असा, की गाठ उकलायची नाही. गाठीपासून लांब दोर कापायचा, कापलेली टोकं दोऱ्यानं जोडून खूण करायची आणि पंचनाम्यात नोंदवून सील करायचं. दोर कशाचा, किती पदरांचा, टोक कापलेलं की जाळून बंद केलेलं, हे सगळं पाहिलं जातं.

आता आपल्या गावाकडे वळू. एखादी सून गळफास लागलेली दिसते. घाईनं दोर सोडतात, कुणी तो चुलीत टाकतं, आणि तिनं स्वतःच केलं की तिला कुणी मारलं, हे सांगणारी एक वस्तू संपते. गळ्यावरचा वळ आणि दोर एकमेकांशी ताडून पाहायचे असतात. दोरच नसेल, तर डॉक्टर काय ताडणार?

आमच्या बचत गटांत आम्ही हे ठरवून सांगतो. आधी जीव. श्वास असण्याची जराही शक्यता असेल, तर क्षणभर थांबू नका. तिला खालून उचलून धरा, गाठीला हात न लावता दोर कापा, गळा मोकळा करा, दवाखाना गाठा. जीव गेलाच असेल, तर कशालाही हात लावू नका. पोलीस पाटलांना कळवा, 112 ला फोन करा. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील आणि मृत्यू आत्महत्येचा किंवा संशयाचा असेल, तर शवविच्छेदन करावंच लागतं. ‘घरची अब्रू’ म्हणून कुणी घाईनं अंत्यविधी उरकू पाहत असेल, तर चार जणी मिळून उभ्या राहा. पंचनाम्यात दोर आणि गाठ लिहिली का, हे विचारा.

गेलेली बाई बोलू शकत नाही. तिच्या बाजूनं जे बोलू शकतं, ते तरी आपण जपू या.