प्लेगचे नाव घेणारा डॉक्टर

2020 च्या मार्चमध्ये सरोजिनी नगरचा बाजार बंद झाला आणि आपण सारे क्वार्टरमध्ये अडकून पडलो, तेव्हा सरकारी आदेशांत 1897 च्या साथरोग कायद्याचा उल्लेख वाचून मला कुतूहल वाटले. इतका जुना कायदा मुळात कशासाठी झाला, हे शोधताना एका गोमंतकीय डॉक्टरची ओळख झाली. ती आपल्या मंडळींनाही करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा जन्म 1856 साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी मांडवी भागात व्यवसाय सुरू केला. गोदीजवळची ही वस्ती, धान्याची गोदामे, दाटीच्या चाळी, तुंबलेली गटारे आणि अर्थातच उंदीर! डॉक्टर मुंबई महापालिकेचे सभासदही होते.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत तापाने माणसे दगावू लागली. रुग्णाच्या जांघेतली गाठ पाहून डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि 23 सप्टेंबरला पालिकेच्या स्थायी समितीपुढे तसे स्पष्ट सांगितले. ही गोष्ट सोपी नव्हती. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, व्यापार बसणार, लोक घाबरणार. पण रोगाचे नाव लपवून रोग थांबत नाही, हे त्यांनी जाणले होते. पुढे तपासणीत त्यांचे निदान खरे ठरले.

लाखो मुंबईकर गाव गाठू लागले. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात सैनिक घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. त्या संतापातून 22 जून 1897 रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या.

डॉ. व्हिएगस यांचा मार्ग वेगळा होता. हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक मात्र सुईला भीत होते. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने सुमारे 18 हजार जणांना लस टोचल्याचे सांगतात. बंदुकीच्या धाकाने जे साधत नव्हते, ते ओळखीच्या डॉक्टरवरील विश्वासाने साधले. वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांचाही त्यांनी आग्रह धरला. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे फ्रान्सचे डॉ. सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते 1898 साली, म्हणजे नंतर!

1906 मध्ये डॉक्टर पालिकेचे अध्यक्ष झाले, आजच्या भाषेत महापौर. 1933 साली त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी बरेच जण सरकारी नोकरीत आहोत. अप्रिय गोष्ट फायलीवर लिहावी की नाही, हा प्रश्न आपल्यालाही पडतो. अशा वेळी हा डॉक्टर आठवावा. सुटीत मुंबईला गेलात, तर धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुलांना तो जरूर दाखवा आणि हे कोण, तेही सांगा.