वीज किती वेळ गेली, की किती वेळा?

आपल्या मंडळात विजेवर पोट असलेली माणसे कमी नाहीत. तरी ९ नोव्हेंबर १९६५ चा विषय निघाला, की बोलणे न्यूयॉर्कच्या अंधारावरच थांबते. नायगाऱ्याजवळच्या कॅनडातील वीजकेंद्रात एक रिले चालला, एक लाइन सुटली, तिचा भार शेजारच्या लाइनींवर पडला आणि काही मिनिटांत सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. मला सांगायची आहे ती कारखान्याच्या कुंपणाआतली, फारशी न गाजलेली गोष्ट.

कुंपणाच्या आतले ट्रान्स्फॉर्मर, ब्रेकर, केबल मालकाने सांभाळायचे. त्यांतले काय, किती वर्षांनी दगा देते? १९६२ साली एक पाहणी झाली होती. पुढे आयट्रिपलई या इंजिनियरांच्या संस्थेने अमेरिका-कॅनडातल्या ३० कंपन्यांच्या ६८ कारखान्यांकडून बिघाडांच्या नोंदी मागवल्या. त्या १९७४ मध्ये छापल्या गेल्या आणि १९८० मध्ये 'गोल्ड बुक' निघाले. वीज परत आल्यावर कारखाना पूर्ववत चालायला किती वेळ लागतो, हेही त्या पाहणीत विचारले होते. माझ्या मते सगळ्यात शहाणा प्रश्न तोच.

कसा, ते पाहा. एका कारखान्यात वर्षातून एकदाच, पण आठ तास वीज जाते. दुसऱ्यात आठ वेळा, एकेक तास. वर्षाचे तास ८,७६०. दोघांचीही उपलब्धता ९९.९१ टक्के. कागदावर जुळी भावंडे! पण यंत्रे पुन्हा मार्गी लागायला दर वेळी चार तास लागत असतील, तर पहिल्याचे १२ तास बुडतात, दुसऱ्याचे ४०. भारनियमनात वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग मालक म्हणतो, "दुसरी लाइन घ्या." तितक्याच भरवशाच्या दोन लाइनी असल्या, तर गुणाकाराने दोन्ही एकदम बंद राहण्याचा काळ वर्षाला जेमतेम अर्धा मिनिट येतो. मात्र दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तरच हा गुणाकार खरा. १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोपासून न्यूयॉर्कपर्यंत आणि ओंटारिओत सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा त्या भागात एकाच ग्रिडवरून आलेल्या दोन लाइनींचा उपयोग काय? म्हणून एखाद्या कारखान्याचा नकाशा समोर आला, की मी लाइनी मोजत बसत नाही. त्या कुठून निघतात आणि वाटेत कुठे एकाच खांबावर येतात, ते आधी विचारतो.