थेंबाला विचारलेला प्रश्न

तारीख २१ जून १९५२, वार शनिवार. तुम्ही कोपनहेगनमध्ये आहात, एका घराच्या ओल्या हिरवळीवर. पाऊस लागलाय. हिरवळीत बिअरची रिकामी बाटली उभी आहे आणि तिच्या तोंडात नरसाळं खोचलंय. तिशीला टेकलेले एक गृहस्थ घरातून येतात, साठलेलं पाणी नीट बाजूला ठेवतात आणि नरसाळं पुन्हा पावसाखाली लावतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. रविवारीही तेच. तुम्ही पाऊस चुकवायला आडोसा शोधताय, आणि या माणसाला मात्र एक सरही वाया जाऊ द्यायची नाही.

हे विली डान्सगार्ड. कोपनहेगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर त्यांच्या हाताशी आहे. अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारा तो अतिशय नाजूक काटा. बाटल्या तिकडे जातील, तुम्हीही जा.

पाणी सगळं सारखं नसतं. त्याच्या हजार रेणूंतल्या साधारण दोघांत ऑक्सिजनचा जड अणू असतो. वाफेचं पाणी होताना हे जड रेणू आधी सुटतात, आधी बरसतात. हवा जितकी गार होत जाते, तितके जड रेणू वाटेतच गळून जातात आणि उरलेला पाऊस हलका होतो. डान्सगार्डांच्या बाटल्यांतही तेच दिसतं. आधी उंचावरच्या गार ढगांतला हलका पाऊस, मग ढग खाली येत गेले तसा जरा जड. म्हणजे प्रत्येक थेंब आपल्या जन्माच्या वेळची थंडी सोबत घेऊन खाली येतो. त्याला विचारायचा प्रश्न एकच: तू झालास तेव्हा किती गार होतं?

हा प्रश्न डान्सगार्ड पुढची चाळीस वर्षं विचारत राहणार आहेत, अधिकाधिक जुन्या थेंबांना.

पण जुना पाऊस आणायचा कुठून? तो विहिरीत मिसळतो, नदीतून समुद्राला मिळतो, त्याची ओळख पुसली जाते. डान्सगार्डांना मात्र ती जागा ठाऊक आहे. १९४७ मध्ये पत्नी इंगे यांच्यासह ते ग्रीनलंडला गेले होते, डिस्को बेटावरच्या भूचुंबकीय वेधशाळेत वर्षभर राहिले होते. आतल्या पठारावर पडलेला बर्फ वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, मग त्याच्या पुढचा. तिथे पाऊस तारखेवार रचून ठेवलेला आहे. १९५४ मध्ये ते हे लिहून मोकळे होतात: शेकडो वर्षांपूर्वीचं हवामान या बर्फातून वाचता येईल. तेवढ्या खोलीचा बर्फ बाहेर काढायला मात्र त्यांच्याकडे साधन नाही.

आता तुम्ही १९६६ च्या जुलैत या. वायव्य ग्रीनलंड, कॅम्प सेंच्युरी. वर उघडं पांढरं पठार, वर्षाचं सरासरी तापमान उणे २४ अंश. पायऱ्या उतरून खाली या. बर्फात खोदलेल्या चरांवर पोलादी कमानी टाकून अमेरिकी लष्कराने इथे अख्खी वसाहत थाटली होती, विजेसाठी अणुभट्टीसुद्धा. हिमचादर सरकत राहते, चर दाबले जातात. वसाहतीचे दिवस भरत आलेत, पण ड्रिल अजून चालू आहे. १,३८७ मीटरवर ते तळाला टेकतं. हिमचादरीच्या माथ्यापासून पायापर्यंत सलग बर्फ माणसाने पहिल्यांदाच बाहेर काढलाय. डान्सगार्ड इथे नाहीत. बातमी कळल्यावर ते या बर्फाच्या गाभ्याचे प्रमुख अभ्यासक चेस्टर लँगवे यांना पत्र लिहितात: वरपासून खालपर्यंत सगळ्या बर्फातला ऑक्सिजन मी मोजून देतो.

होकार येतो. तुम्ही त्यांच्या टेबलाशी उभे राहून जड ऑक्सिजनचा आलेख उमटताना पाहता. वरच्या भागात रेघ फारशी हलत नाही. ही आपली दहा-अकरा हजार वर्षं, शेती आणि गावं वसवणारी. तिच्याखाली रेघ खाली कोसळते: हिमयुग. १९६९ मध्ये सायन्स नियतकालिकात लेख येतो, त्याच्या नावातच एक हजार शतकांचा उल्लेख आहे. त्या हिमयुगाच्या पट्ट्यात काही विचित्र उंचवटे आहेत. थंडी भरात असताना रेघ अचानक वर उडी घेते, मग हळूहळू उतरते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे खरं, की बर्फ सरकल्यामुळे पडलेली सुरकुती? एका भोकावरून सांगता येत नाही.

म्हणून १९८१ चा ऑगस्ट. ग्रीनलंडच्या आग्नेयेला, डाय ३ नावाच्या रडार केंद्राजवळ तुम्ही पुन्हा बर्फाखालच्या चरात आहात. या वेळी ड्रिल डेन्मार्कमध्ये बनवलेलं आहे. २,०३७ मीटरवर ते तळाशी पोचतं. बर्फाचा एक तुकडा पाण्यात टाका आणि कान जवळ न्या. चट् चट् आवाज येतो. दाबाखाली कोंडलेले बुडबुडे फुटतायत, शेकडो वर्षांपूर्वीची हवा तुमच्या श्वासात मिसळतेय. हीच हवा मोजण्यासाठी स्वित्झर्लंडच्या बर्नहून हान्स ओश्गर आलेत.

दोन आलेख शेजारी ठेवले जातात. दोन्ही भोकांमध्ये सुमारे १,४०० किलोमीटरचं अंतर, तरी उड्या जुळतात. तेव्हा त्या सुरकुत्या नाहीत. गेल्या हिमयुगात अशा सुमारे पंचवीस उड्या सापडल्या, आणि आज त्या डान्सगार्ड-ओश्गर या जोडनावाने ओळखल्या जातात. काही वेळा ग्रीनलंड अवघ्या काही दशकांत दहा-पंधरा अंशांनी तापलं होतं. एका माणसाच्या आयुष्यात, आजोबांनी पाहिलेलं हवामान नातवाला अनोळखी व्हावं इतक्या वेगाने. आणि हे तिथपुरतंही नव्हतं. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ सांगतो, की ग्रीनलंड गोठलेलं असायचं तेव्हा आपला मोसमी पाऊस अशक्त व्हायचा आणि ते तापलं की पुन्हा जोर धरायचा. हवामान सावकाश, पावलापावलाने बदलतं हा दिलासा त्या दिवशी आपल्या हातून गेला.

१२ जुलै १९९२. हिमचादरीच्या माथ्यावर युरोपीय चमूचं ड्रिल ३,०२९ मीटरवर थांबतं. वर्षभराने, तिथून सुमारे तीस किलोमीटरवर अमेरिकी चमूही तळ गाठतो. सुमारे एक लाख वर्षांपर्यंत दोन्ही गाभे एकमेकांना दुजोरा देतात. त्याखाली पटत नाहीत, कारण तळाजवळचा बर्फ खरोखरच दुमडलेला निघतो. तिथल्या उड्यांवर उभारलेलं अनुमान मागे घ्यावं लागतं. शेजारच्या भोकाने खोडलेली गोष्ट सोडून द्यायची, ही या कामाची शिस्त मला डोंगराएवढी मोठी वाटते.

डान्सगार्ड २०११ मध्ये गेले. तुम्हाला अजून एक मुक्काम आहे.

२०१७, कोपनहेगनचं शीतगृह. हलवाहलवीत जुने डबे उघडले जातात. कॅम्प सेंच्युरीच्या ड्रिलने बर्फाखालची साडेतीन मीटर गोठलेली मातीही वर आणली होती. सगळ्यांचं लक्ष बर्फावर होतं. मातीचे डबे अमेरिकेतून इथे आले आणि विस्मरणात गेले. पुढे ती माती धुतली जाते आणि पाण्यावर काहीतरी तरंगतं. वाकून बघा: काटक्या, शेवाळाचे तुकडे. मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे मोजता येतं. २०२३ मध्ये उत्तर येतं: सुमारे चार लाख वर्षांपूर्वी. म्हणजे तेव्हा इथे बर्फ नव्हता. त्या काळी हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे.

एक काटकी तळहातावर घ्या. तिच्यावर एक किलोमीटरहून जास्त बर्फ साठला, त्यावर वसाहत उभी राहिली, तीही बर्फाने दाबून टाकली. प्रश्न तोच विचारा, हिरवळीवरच्या त्या बाटलीला विचारलेला: तू झालीस तेव्हा किती गार होतं?

ती सांगेल, इथे ऊन होतं.